ट्रान्सपोर्टच्या दलालीत नवीन आलात? पहिली पार्टी कशी धरायची ते सविस्तर

स्वतःची एकही गाडी नाही, ऑफिस म्हणजे मोबाईल आणि एक वही, तरी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात उतरायचंय अशी बरीच पोरं हल्ली भेटतात. कोणी कंपनीत डिस्पॅचला होता, कोणी मोठ्या ट्रान्सपोर्टकडे मुन्शी होता, कोणाच्या मामाच्या दोन गाड्या चालतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, गाड्या मिळतील हो पण पार्टी, म्हणजे माल पाठवणारं गिऱ्हाईक, कुठून आणायची? मग काय करतात, नेटवरून कंपन्यांची यादी काढतात, सकाळपासून फोन लावत बसतात आणि प्रत्येकाला म्हणतात "सर, मार्केटमधला बेस्ट रेट देतो". पलीकडून उत्तर येतं "मेल टाका", मेल टाकतात, तो कोणी उघडत पण नाही.

डिस्पॅचला बसलेल्या माणसाला तुमच्या रेटमध्ये फार रस नसतो, रेट वरच्या साहेबांनी आधीच कोणाशी तरी ठरवलेला असतो. त्याला टेन्शन असतं ते संध्याकाळी ५ वाजता माल पॅक होऊन पडलाय, इनव्हॉइस फाडलंय आणि ठरलेल्या ट्रान्सपोर्टरची गाडी अजून आलेली नाही याचं. त्या वेळी त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर असला आणि तुम्ही खरंच गाडी लावलीत, तर ती तुमची पहिली पार्टी. खालचं सगळं त्या एका फोनची तयारी आहे. उदाहरण मी चाकण–होसूर लाईनचं (लाईन म्हणजे गाडी नेहमी चालते तो मार्ग, होसूर तामिळनाडूत, बंगळुरूजवळ) घेतोय कारण ती डोळ्यासमोर आणायला सोपी आहे, तुम्ही वाळूजला असाल, बुटीबोरीला असाल नाहीतर शिरोलीला, नावं बदला, पद्धत तीच.

आधी एक लाईन धरा

"ऑल इंडिया सर्व्हिस" असं कार्डावर छापू नका, नवीन माणसाकडे ऑल इंडिया काहीही नसतं हे समोरच्याला माहीत असतं. एक लाईन आणि एक गाडीचा प्रकार घ्या. चाकणमधून होसूर आणि तिथून पुढे चेन्नईकडे श्रीपेरंबुदूर-ओरगडमपर्यंत गाड्यांच्या पार्टचा माल सतत जातो, कारण इकडे पण ऑटो कंपन्या आणि तिकडे पण. या मालाला बहुतेक ३२ फुटी बंद बॉडी लागते, सिंगल एक्सल असेल तर साधारण ७ टन, मल्टी एक्सल असेल तर त्याच्या दुप्पट. जालन्याहून सळई भरायची असेल तर सगळं वेगळं, तिथे उघडी बॉडी, १० चाकी, १२ चाकी, ट्रेलर, आणि फूट कोणी विचारत नाही, टनावर भाव. कोरुगेटेड बॉक्सवाल्याकडे उलटं, वजन काहीच नाही पण जागा सगळी खातो, तिथे २२ फुटी का ३२ फुटी हाच प्रश्न.

लाईन निवडताना बघायचं काय, तर माल जातो का हे नंतर, आधी गाडी परत यायला माल मिळतो का ते. होसूरवरून परत पुण्याकडे माल मिळत असेल तर गाडीचा मालक जायचा भाव नीट देतो. जिथून गाडी रिकामी परत यावी लागते तिथे तो दोन्ही बाजूचं डिझेल तुमच्याकडून काढणार, मग तुमचा रेट ऐकून पार्टी पळते आणि तुम्हाला वाटतं आपलं बोलणं कमी पडलं.

पार्टीच्या आधी गाड्या

हे उलटं वाटेल पण पार्टी शोधायच्या आधी दोन-तीन आठवडे फक्त गाड्यांच्या मागे फिरा. पार्टीने फोन केला आणि तुम्ही "बघतो साहेब" म्हणालात तर तिथेच संपलं. निगडीचं ट्रान्सपोर्ट नगर, चाकण-तळेगाव रोडवरची पार्किंग, महाळुंगे, कुरुळीकडचे पेट्रोल पंप, जिथे ड्रायव्हर आंघोळ करून कपडे वाळत घालून बसलेले असतात तिथे जा. नंबरप्लेट वाचा. टीएन-२८ दिसली तर गाडी नामक्कलची, त्या पट्ट्यात गाडीमालक भरपूर, आणि पुण्यात खाली झालेल्या तिकडच्या गाडीला घराकडचा माल पाहिजेच असतो, म्हणजे होसूरची लाईन तिच्यासाठी रिटर्न आहे, भाव तिथेच कमी होतो. एचआर-५५ दिसली तर गुरुग्रामची, ती दक्षिणेला जाईल पण आधी उत्तरेचं काही मिळतंय का बघेल. एनएल-०१ वरून मात्र काही ठरवू नका, प्लेट नागालँडची असते आणि मालक कुठल्याही राज्यातला असू शकतो, ड्रायव्हरला सरळ विचारा "घर कुठं भाऊ?"

ड्रायव्हरचा नंबर घ्याच, पण मालकाचा घेतल्याशिवाय उठू नका, भाडं मालक ठरवतो. वहीत प्रत्येक गाडीसमोर इतकं लिहा: नंबर, फूट, टन, बंद का उघडी, घर कुठलं, कुठल्या लाईनला खुशीने जातो, ॲडव्हान्स किती टक्के मागतो. अशा ४०-५० गाड्या वहीत झाल्या की तुम्ही फोनवर "लावतो" म्हणू शकता. ब्लॅकबक, वाहक वगैरे ॲप आहेत, ती गाडी शोधायला आणि भावाचा अंदाज घ्यायला ठीक, पण त्यांच्यावरून पार्टी बांधली जात नाही, तिथे एकाच लोडवर दहा जण बोली लावतात आणि ५०० रुपयांसाठी सगळे एकमेकांचा गळा कापतात.

सणांचं गणित पण गाडीवाल्यांशी बोलूनच कळतं. पोंगल जानेवारीच्या मध्यात, तामिळनाडूच्या ड्रायव्हरला त्याआधी घरी पोचायचं असतं, त्या आठवड्यात दक्षिणेच्या लोडला तो लगेच तयार होतो, आणि नंतर काही दिवस तो फोनच उचलत नाही. होळीला राजस्थान-यूपीवाले जातात, दिवाळीला सगळेच. अशा दिवसांत पार्टीच्या ठरलेल्या ट्रान्सपोर्टरची पण पंचाईत झालेली असते. तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कागद, थोडक्यात

पॅन, चालू खातं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), लेटरहेड. आता मुख्य निर्णय, तुम्ही फक्त दलाली घेणार का स्वतःची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टरची पावती, फाडणार. फक्त दलाली घेतली तर भाडं मालक आणि पार्टीमध्ये, तुम्ही आपलं कमिशन घेऊन बाजूला, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी बसतो, अर्थात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर. स्वतःच्या नावाची बिल्टी दिलीत की जीएसटीच्या भाषेत तुम्ही ट्रान्सपोर्ट एजन्सी झालात, मग एकतर ५ टक्के, जो बहुतेक वेळा पार्टीच भरते (बिल्टीवर आणि बिलावर तसं स्पष्ट लिहा), नाहीतर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लावून आपण खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं. सुरुवातीला ५ टक्केवाला, पार्टीने भरायचा रस्ता सगळ्यांना सोपा जातो.

पण बिल्टी तुमची म्हणजे मालाची जबाबदारी पण तुमची. २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे, माल गोळा करून वाहून द्यायचा धंदा करणाऱ्याने त्यात नोंदणी करायची असते, आणि मालाचं नुकसान झालं तर जास्तीचा धोका-दर ठरवून मालाची किंमत लिहून घेतलेली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या १० पटीपर्यंत येते. ४०,००० चं भाडं असेल तर ४ लाखांपर्यंत, आणि तुम्ही त्या ट्रिपमध्ये कमावले २,०००. म्हणून पार्टीचा ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, चालू आहे का हे विचारायला लाजायचं नाही, आणि विमा असला तरी विमा कंपनी पैसे देऊन नंतर तुमच्या मागे वसुलीला येऊ शकते हेही डोक्यात ठेवा.

ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाईन कागद, त्याच्या पोर्टलवर जीएसटी नसलेल्या ट्रान्सपोर्टरलाही १५ आकडी ट्रान्सपोर्टर आयडी मिळतो, तो काढून ठेवा. पार्टीने तो टाकला की गाडीचा नंबर म्हणजे पार्ट बी तुम्ही मोबाईलवरून भरू शकता, आणि रात्री १० वाजता गाडी बदलावी लागली तर डिस्पॅचवाल्याला झोपेतून उठवावं लागत नाही, ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दुसरा ट्रान्सपोर्टर

नवीन माणूस इथे नाक मुरडतो. मोठ्या ट्रान्सपोर्टकडे कंपनीचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असतं पण तेवढ्या गाड्या स्वतःच्या नसतात, बाकीच्या तो मार्केटमधून उचलतो, आणि हे रोज चालतं. त्याच्या ऑफिसला एक माणूस फक्त गाड्या पकडायला बसवलेला असतो. त्या माणसाला जाऊन भेटा. त्याला सांगायचं इतकंच, "होसूर-चेन्नई ३२ फुटी माझ्याकडून घेत चला, नामक्कलवाल्या गाड्या आहेत, कागद क्लिअर असतात."

यात सुटतं कमी, एका गाडीमागे ५०० ते १,००० सुटले तरी पुष्कळ, पण फायदे दुसरेच आहेत. ॲडव्हान्स तोच देतो, तोही गाडी भरल्या भरल्या, तुमच्या खिशातून काही जात नाही. मार्केटमध्ये आजचा भाव काय चाललाय हे दिवसाला दहा वेळा कळतं. गाडीमालकांना कळतं की या पोराकडे माल असतो, मग तेच फोन करायला लागतात, "काय शेठ, आज काय आहे का?" दोन-तीन महिने असे काढले की तुमची वही खऱ्या अर्थाने भरते.

एक पथ्य पाळा, त्याच्यासाठी ज्या पार्टीचा माल भरलात तिच्याकडे मागच्या दाराने जाऊ नका. मार्केट लहान आहे, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं आणि गाड्या पकडणारा तो माणूस तुमचा नंबर ब्लॉक करतो. त्याच लाईनवर दुसरे शंभर कारखाने आहेत.

आता कारखाने

मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या गेटवर जाऊन उपयोग नाही. तिथे वर्षाचं टेंडर, व्हेंडर कोड, बँक गॅरंटी, ९० दिवसांची उधारी, तुमच्या वयाच्या धंद्याला ते पचत नाही. त्यांना माल देणारे जे छोटे, म्हणजे प्रेस शॉप, फाउंड्री, प्लास्टिक मोल्डिंग, पॅलेट, पॅकेजिंगवाले, ५०-१०० कामगारांचे कारखाने, त्यांच्याकडे जा. तिथे मालक स्वतः जागेवर असतो किंवा डिस्पॅचचा सुपरवायझर निर्णय घेऊ शकतो. गूगल मॅपवर भाग उघडून नावं काढा, इंडियामार्टवर पत्ते मिळतात, पण सगळ्यात चांगली यादी मिळते ती गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. गाडी आत घ्यायची वाट बघत ड्रायव्हर बसलेले असतात, चहा पाजा आणि विचारा, कुठं चालली गाडी, कोणाच्या ट्रान्सपोर्टची, कधीपासून थांबलायस, भाड्याचा बॅलन्स वेळेवर देतात का. अर्ध्या तासात त्या कंपनीची कुंडली मिळते, आणि कोणाकडे जायचं नाही तेही कळतं.

दुसरी युक्ती पलीकडच्या टोकाची. तुमची गाडी होसूरला खाली करायला गेली की ड्रायव्हरला सांगा, लाईनमध्ये पुण्याकडच्या अजून कुठल्या कंपनीच्या गाड्या उभ्या आहेत ते बघून ठेव. माल उतरवून घेणारा कारखाना एक असतो आणि त्याला चाकण-रांजणगाव-भोसरीतून माल देणारे पंधरा असतात. त्या पंधरांना आठवड्याला त्याच गेटवर गाडी पाठवायची असते. आता तुम्ही त्यांना सांगू शकता की या गेटवर माझ्या गाड्या नेहमी खाली होतात, टाईम स्लॉट कसा घ्यायचा, ड्रायव्हरला बूट-हेल्मेट लागतं का, सगळं माहीत आहे. ही माहिती विकत मिळत नाही.

भेटायला जायची वेळ दुपारी ११ ते १ मधली. सकाळी तो लोडिंगच्या गडबडीत असतो आणि ४ नंतर त्याचा चेहराच सांगतो. परचेसवाल्याकडे जाऊ नका, डिस्पॅच किंवा लॉजिस्टिक्स बघणारा विचारा. बोलणं साधारण असं होतं:

"नमस्कार साहेब, मी इथलाच, चाकणचाच. होसूर आणि चेन्नईच्या ३२ फुटी लावतो."

"आमचा ट्रान्सपोर्टर ठरलेला आहे."

"असू द्या की साहेब, त्याचं काम मला नको. महिनाअखेरीला त्याला गाडी कमी पडली तर एक फोन करा. दोन तासात गाडीचा नंबर देतो, आणि नाही जमलं तर तेही अर्ध्या तासात सांगतो, लटकवत नाही."

"रेट काय?"

"आजचा आज सांगतो साहेब, उद्याचा उद्या. मार्केट हलतं, खोटा आकडा देऊन उपयोग नाही."

यातलं "नाही जमलं तर अर्ध्या तासात सांगतो" हे वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. डिस्पॅचवाल्याने आयुष्यभर "येतेय साहेब, टोलनाक्यावर आहे" हेच ऐकलेलं असतं आणि गाडी अजून भिवंडीत खाली होत असते. जो माणूस पटकन नाही म्हणतो त्याला पुढच्या वेळी आधी फोन येतो. फक्त ते पाळायचं.

निघताना कार्ड देऊन भागत नाही, तिथेच उभ्या उभ्या त्याच्या व्हॉट्सॲपवर मेसेज टाका म्हणजे नंबर सेव्ह होतो. नंतर रोज गुड मॉर्निंगचं फूल पाठवू नका, तो म्यूट करेल. हातात गाडी असेल तेव्हाच लिहा, असं:

"नमस्कार साहेब. होसूर / चेन्नई लाईन. ३२ फुटी सिंगल एक्सल बंद बॉडी, ७ टन, आज दुपारी कुरुळीत रिकामी होतेय. उद्या सकाळी ११ पर्यंत लावू शकतो. लागली तर सांगा, नाहीतर १ नंतर दुसरीकडे देतो."

आठवड्यात दोन वेळा पुरे. २५ तारखेपासून मात्र महिना संपेपर्यंत रोज. महिनाअखेरीला सगळ्या कारखान्यांना विक्रीचा आकडा गाठायचा असतो, सगळा माल एकदम बाहेर पडतो, गाड्या तेवढ्याच असतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर ३२ फुटीसाठी लोक हातापाया पडतात. नव्या माणसाला आत शिरायला वर्षातले हेच दिवस, तेव्हा गावाला लग्नाला जाऊ नका.

आणि एक, या दिवसांत अडलेल्या पार्टीला दुप्पट भाव लावायचा मोह होईल. मार्केट जितकं वर गेलंय तितकं जरूर घ्या, मालकाने सांगितलेला आकडा पण सांगा हवं तर, पण आपलं कमिशन नेहमीचंच ठेवा. पहिल्याच गाडीला कापलं तर तो गाडी घेईल, पैसे पण देईल, आणि नंबर डिलीट करेल.

भाव सांगताना

पार्टीला आकडा सांगण्याआधी त्याच लाईनच्या तीन मालकांना फोन करा, तिघांचे आकडे वहीत तारखेसकट लिहा. मालाबद्दल पार्टीला हे विचारल्याशिवाय भाव काढूच नका: वजन किती, फूट किती भरणार, एकाच ठिकाणी उतरवायचं का दोन, माल वर चढवायला क्रेन का हमाल, वाराई (माल गाडीत रचायची मजुरी) आणि हमाली कोणाकडे, गाडी रिकामी करायला किती वेळ लागतो. पहिले २४ तास सोडून पुढे दिवसाचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, किती, हे लेखी व्हॉट्सॲपवर घ्या. धंद्यात भांडणं भाड्यावरून कमी आणि हॉल्टिंग, वाराईवरून जास्त होतात, शनिवारी संध्याकाळी पोचलेली गाडी सोमवारी दुपारी खाली होते आणि मालक तुमच्याकडे दोन दिवसांचे पैसे मागतो, पार्टी म्हणते आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

वजनाच्या बाबतीत पार्टीच्या शब्दावर विसंबू नका. ७ टन सांगून ९ टन भरणारे बरेच आहेत, वजनकाट्यावरची पावती घ्या, ओव्हरलोडचा दंड शेवटी कोणाच्या तरी बोकांडी बसतो आणि तो मधल्या माणसाच्याच बसतो.

पहिली गाडी भरली, आता खरं काम सुरू

गाडी लावण्याआधी एम-परिवहनवर नंबर टाकून फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी बघा. आरसीवरचं मालकाचं नाव आणि ज्या खात्यात ॲडव्हान्स टाकायचा त्या खात्यावरचं नाव एकच पाहिजे. ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो, गाडीचा समोरून नंबरप्लेटसकट फोटो, हे पार्टीला तिने मागायच्या आधी पाठवा. बंद बॉडीच्या आतला पण एक फोटो, छतातून पाणी गळतंय का, फळीला खिळे वर आलेत का, पॅकेजिंगवाल्याला याचं फार असतं.

माल भरला की ई-वे बिल तपासा. ५०,००० च्या वरचा माल राज्याबाहेर जातोय म्हणजे लागणारच, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, चाकण-होसूर ९०० च्या आसपास म्हणजे ५ दिवस मिळतात. गाडी वाटेत बंद पडली आणि मुदत संपत आली तर संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास वाढवता येते, ते तुम्हाला माहीत पाहिजे, ड्रायव्हरला नसतं.

मग रोज दोन मेसेज, सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ६ ला, गाडी कुठं आहे. "साहेब, कोल्हापूर पार, रात्री हुबळीच्या पुढे थांबेल, उद्या रात्री होसूर." पार्टीने विचारायच्या आधी गेला पाहिजे. गाडी उशिरा चाललीये हे पण तुम्हीच आधी कळवायचं. दुसरी गाडी मिळते ती या मेसेजमुळे, रेटमुळे फारशी मिळत नाही. गाडी खाली झाली की सही-शिक्क्याच्या बिल्टीचा, म्हणजे पीओडीचा, फोटो त्याच दिवशी, आणि कागद हातात आल्यावर तो बिलाला लावून स्वतः नेऊन द्या. कुरियर करू नका. बिल द्यायला गेलं की अकाउंटवाला भेटतो, त्याची ओळख डिस्पॅचवाल्याच्या ओळखीइतकीच कामाची.

उधारीने कसे बुडतात

आता पैशाचं. आकडे समजण्यापुरते घेतो. पार्टीकडून ४०,०००, मालकाला ३८,०००, तुम्हाला २,०००. मालक भरल्यावर ८० टक्के मागतो, म्हणजे ३०,००० च्या वर लगेच गेले, बाकी पीओडी आल्यावर. पार्टी म्हणते ४५ दिवस. महिन्याला अशा १० गाड्या झाल्या, महिन्याला ३.८ लाख बाहेर चालले, दीड महिन्यात साधारण ५.७ लाख तुमचे बाजारात अडकलेले. ते महिना दीड टक्क्याने कोणाकडून उचलले असतील तर व्याजच ८,५०० झालं. कमाई २०,०००. वर पार्टी पूर्ण भाड्यावर १ टक्का टीडीएस कापते, गाडीमागे ४००, महिन्याचे ४,०००, ते रिटर्न भरून परत येतील तेव्हा येतील. हातात उरलं ते मोजा आणि मग फोन, पेट्रोल, चहापाणी त्यातून काढा. आणि यात एका पार्टीने ४५ दिवसांचे ९० केले तर खेळ खलास.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत उधारीची एकच पार्टी घ्या, जास्तीत जास्त दोन. बाकी सगळ्या अशा की ज्या ॲडव्हान्स देतील. छोट्या कारखान्याच्या मालकाला सरळ सांगता येतं, "साहेब गाडीमालकाचा ॲडव्हान्स तेवढा तुम्ही सोडा, माझं कमिशन आणि बॅलन्स १५ दिवसांनी द्या." बरेच जण तयार होतात, कारण गाडी अडलेली असते. अजून सोपं म्हणजे पार्टीने ॲडव्हान्स थेट गाडीमालकाच्या खात्यात टाकायचा.

उद्यमचा नंबर बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, आणि २०२३-२४ पासून उशीर केला तर तो खर्च पार्टीला त्या वर्षाच्या आयकरात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरायचा. मार्च जवळ आला की अकाउंटवाले स्वतः फोन करून उद्यमचं सर्टिफिकेट मागतात. तुम्ही आधीच दिलेलं बरं. तक्रार वगैरे करायची वेळ आलीच तर समजा ती पार्टी गेली, ते शेवटचं.

शेतमालवाले

कांदा, केळी, बेदाणा यांचं गणित कारखान्यापेक्षा निराळं. लासलगाव-पिंपळगावला व्यापारी, रावेर-सावद्याला केळीवाले, तासगाव-सांगलीला बेदाणा-हळद, इथे उधारी कमी, भाडं बऱ्याचदा माल घेणारा तिकडे देतो, पण वेळ फार कडक. केळीची गाडी एक दिवस उशिरा पोचली तर भाड्यातून कापणार आणि वाद घालायला जागा नसते. हंगाम संपला की काम बंद. आणि इथे ओळखीशिवाय कोणी गाडी भरून देत नाही, आडत्याकडून किंवा गावातल्या माणसाकडून शब्द जावा लागतो. तुमचं घर त्या भागात असेल तर यातूनच सुरू करा, नसेल तर एमआयडीसी बरी.

फसवणारे दोन्ही बाजूला आहेत

नवीन दलाल दिसला की काही फोन ठरलेले. "गाडी माझी रस्त्यात आहे, डिझेलला ५,००० टाका, तासात पोचतो." गाडी भरून, काटा होऊन, गेटच्या बाहेर पडेपर्यंत एक रुपया टाकायचा नाही, मालक कितीही चिडला तरी. आरसीचा फोटो दुसऱ्याच गाडीचा पाठवणारे आहेत, म्हणून लोडिंगच्या जागी गाडीचा चालू फोटो किंवा व्हिडीओ कॉल. गाडी तिसऱ्या दलालाकडून आली असेल तर मूळ मालकाशी बोलल्याशिवाय भरू नका, कारण तुम्ही ॲडव्हान्स मधल्याला दिला आणि त्याने पुढे दिला नाही तर मालक माल घेऊन गाडी ढाब्यावर उभी करतो, आणि पार्टी तुम्हाला ओळखते, त्याला नाही.

पार्टीच्या बाजूने पण तपासा. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नाव-पत्ता जुळतो का, रिटर्न भरलेत का बघा. पहिल्याच फोनला १० गाड्या देतो म्हणणारी, रेटवर अजिबात न भांडणारी आणि ९० दिवसांची उधारी मागणारी पार्टी म्हणजे आधीच्या सगळ्या ट्रान्सपोर्टरचे पैसे थकवून नवीन माणूस शोधणारी, असं धरूनच चाला. टपरीवर जाऊन ड्रायव्हरांना विचारा, तिथे खरं कळतं.

पहिली पार्टी लागली की

पाच-सहा गाड्या नीट गेल्या की डिस्पॅचवाल्याला दोन गोष्टी विचारा. एक, तुमच्या दुसऱ्या प्लांटचं कोण बघतं, रांजणगावला नाहीतर सिन्नरला असतो बऱ्याच जणांचा. दोन, तुम्हाला कच्चा माल कुठून येतो आणि तो कोण आणतं. आत येणाऱ्या मालाकडे कोणी दलाल बघतच नाही, सगळे बाहेर जाणाऱ्याच्या मागे, आणि कळंबोलीच्या स्टील बाजारातून पत्रा घेऊन येणारी गाडी चाकणलाच रिकामी होते, तिच्यात पुढचा माल भरता येतो का ते बघायचं तुमच्या हातात येतं. लाईन दुसरी लगेच धरू नका, आधी होसूरला आठवड्याला तीन-चार गाड्या बिनबोभाट जाऊ द्या, मग तिकडून परत येणाऱ्या मालासाठी होसूरच्या एखाद्या दलालाशी दोस्ती करा, त्याला इकडच्या रिकाम्या गाड्यांची माहिती द्या आणि तिकडच्या त्याच्याकडून घ्या, कमिशन अर्धं अर्धं. त्याच्याशी हिशोब दर शनिवारी मिटवायचा, पुढच्या आठवड्यावर न्यायचा नाही.